रोजच्या जगण्यात निःस्वार्थ प्रेमाची प्रेरणा कुठे शोधावी?

प्रश्न वाचला आणि शोधावी लागते याचंच वाईट वाटलं. बहुतेक वेळा ती आपल्याच घरात, आतल्या खोलीत असते आणि तिला कोणी विचारत नाही.

मी बडोद्याचा, घर दांडिया बाजारच्या मागे. ३१ जुलै २०१९ ला इथे एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडला, विश्वामित्री नदीचं पाणी शहरात घुसलं, वस्तीत मगरी दिसल्या. त्याच पुरात गोविंद चावडा या पीएसआयनी एका लहान बाळाला प्लॅस्टिकच्या टबात ठेवून, टब डोक्यावर धरून पाण्यातून बाहेर काढलं, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. त्या माणसाला मनापासून नमस्कार. पण आमच्या फॅमिली ग्रुपवर तो फोटो टाकून 'याला म्हणतात सेवा' लिहिणाऱ्या माझ्या काकांनी स्वतःच्या आईचं काय चाललंय हे फोन करून विचारलं नव्हतं.

आजीची उजवी बाजू पॅरालिसिसने गेलेली, सगळं आत्या करायची. आजी एअरबेडवर असायची, त्या गादीच्या कप्प्यांत पंप आळीपाळीने हवा भरतो-सोडतो म्हणून एकाच जागी दाब राहत नाही. लाइट गेली की पंप बंद, हळूहळू हवा निघून जाते आणि पेशंट थेट फळीवर. पुराच्या दिवशी गेलेली लाइट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. मग दर दोन तासांनी कूस बदलणं एवढंच हातात. आजीच्या खाली घडी केलेली चादर असायची, ती धरून आत्या तिला वळवायची, पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा टेकू द्यायच्या नाहीत, मग मोबाइलच्या टॉर्चने माकडहाडापाशी बघायचं लाल झालंय का, झालं असेल तर बोटाने दाबायचं, दाबून पांढरं पडलं नाही तर बेडसोरची, म्हणजे एकाच जागी पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजायची. रात्रभर हेच. दोनदा मी चादरीचं दुसरं टोक धरलं, नंतर मला झोप लागली आणि तिने उठवलं नाही. सकाळी आजीच्या अंगावर एक डाग नव्हता.

आजी गेल्यावर तेराव्याच्या पंगतीत काका म्हणाले, 'तिला दुसरं काम काय होतं, आणि वाड्यातली खोली मिळणारच आहे की.' वडील गप्प बसले म्हणून मीही गप्प बसलो. आज सांगतो, खोली अजून आत्याच्या नावावर नाही, तिने कधी मागितली नाही. आणि मागितली असती तरी सहा वर्षं रात्री उठलेल्या बाईचा तो लोभ कसा काय ठरतो? रविवारी अर्धा तास येऊन आईचा हात धरून बसणाऱ्याला हा हिशोब मांडायचा हक्कच नाही.

तुमच्या प्रश्नापुरतं म्हणाल तर घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं ते बघा आणि त्याच्या हातातलं एक काम आपल्याकडे घ्या.

हां, आणि यात आत्याची कंबर कायमची गेली, आता तिला वाकता येत नाही. त्यामुळे कोणी एकटं करतंय म्हणून नुसतं कौतुक करत बसू नका, रात्रीची बाई ठेवा, भावंडांनी पैसे वाटून घ्या. आम्ही ते केलं नाही.

एअरबेड आणि पंप अजून आमच्याकडे आहे, चालू आहे. बडोद्यात कोणाला लागत असेल तर कळवा, मी घरी आणून लावून देईन.