बँक तुमचा नंबर कसा ओळखते?

यूपीआय ॲप सुरू करताना फोनमधून आपोआप एक एसएमएस गेला, वर त्याचे पैसेही कापले गेले. हा काय प्रकार? (मिरज)

घाबरू नका, ती तुमची हजेरी होती. नंबर काय, कोणीही टाइप करेल. पण त्या नंबरवरून मेसेज पाठवायचा तर सिम त्याच फोनमध्ये हवं. मेसेज कुठल्या नंबरवरून आला हे पाहून बँक तो खात्याला जोडलेल्या नंबरशी ताडून बघते आणि सिम व हँडसेट यांची जोडी नोंदवून ठेवते. म्हणूनच सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की नोंदणी पुन्हा करावी लागते. दोन सिम असलेल्या फोनात नोंदणी अडकली, तर बहुधा मेसेज भलत्याच सिमवरून गेलेला असतो. शिवाय बॅलन्स नसलेल्या सिमवरून तो जातच नाही! पैसे पाठवताना लागणारा पिन ही याच्या पुढची वेगळी पायरी.

सिम खराब झालं म्हणून त्याच नंबरचं नवं घेतलं. दिवसभर एकही ओटीपी आला नाही. (नाशिक)

दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात. भामटे दुसऱ्याच्या नावावर डुप्लिकेट सिम काढून ओटीपी पळवायचे, त्यावर हा तोडगा. बिल भरायचं असेल तर सिम आदल्या दिवशी बदलू नका. उलट, तुम्ही काही न करता फोनची रेंज गेली आणि शेजारी त्याच कंपनीचे फोन चालू असतील, तर वेळ न घालवता दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला, मग सिम कंपनीला कळवा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

जुना नंबर कधीच बंद केला, पण बँकेत अजून तोच आहे. खात्यात फारसं काही नाही. चालेल ना? (चिपळूण)

नाही चालणार. कायमचा बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. मग तुमचे ओटीपी त्याच्या फोनवर जाणार, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. पासबुक आणि ओळखपत्र घेऊन शाखेत जा, अर्ज भरून नवा नंबर लावून घ्या.

मुलगा दुबईला असतो. भारतीय नंबर चालू ठेवायलाच हवा का? (पुणे)

एनआरई किंवा एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांसाठीची बँक खाती) असेल, तर २०२३पासून अमिरातीच्या नंबरवरही यूपीआय घेता येतं. मात्र त्याची बँक ती सोय देते का, हे आधी विचारा. खातं अजून साधं बचत खातंच असेल तर ते एनआरओ करून घ्यावंच लागेल.