कॉलेजच्या रेसकार टीममध्ये नव्याने आलेल्यासाठी

आल्या आल्या सॉफ्टवेअरवर गाडीचं डिझाइन काढायला बसू नकोस. आधी नियमपुस्तिका वाच, हातात पेन घेऊन. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या रेसकारच्या स्पर्धेत, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) किमान 1525 मिलिमीटर लागतो, पेट्रोल इंजिनाची हवा 20 मिलिमीटर व्यासाच्या रिस्ट्रिक्टरमधूनच (हवा मर्यादित ठेवणाऱ्या अरुंद तोंडातूनच) जायला हवी आणि ड्रायव्हरला 5 सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. हे मागाहून जमवता येत नाही.

नाशिकला शिकतोयस, याचा फायदा घे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत लेथ, लेझर कटिंग, बेंडिंग सगळं हाताशी आहे. ड्रॉइंगवर मटेरियल आणि टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ते) लिहून ने. कारागीर म्हणाला, 'इथे टूल जाणार नाही', तर वाद नको, कारण विचारून घे. तिथे फार शिकायला मिळतं.

वेल्डिंगआधी पाइपचं तोंड गोल कानशीने घासून समोरच्या पाइपवर बसव आणि मागून बॅटरी मार. उजेड दिसला तर पुन्हा घास. फट वेल्डने भरली की उष्णता जास्त जाते, फ्रेम ओढली जाते, सस्पेन्शन जोडायचे पॉइंट सरकतात. मग चाकांची अलाइनमेंट करत बस!

ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक व्हावी लागतात, म्हणजे फिरायची पूर्ण थांबावी लागतात. ते इथेच तपासायचं, म्हणून गाडी स्पर्धेच्या निदान महिनाभर आधी धावायला हवी. सैल नट आणि गळणारा कूलंट गाडी पळवल्याशिवाय कळत नाहीत.

सबमिशन उरकून शनिवारी वर्कशॉपला ये, कानस हातात देतो.