टाकी फुल केल्यावरच गाडीत पेट्रोलचा वास का येतो?
2005 ची जर्मन सेदान, टाकी फुल केली की मागच्या सीटवर वास, अर्धी झाली की गायब. या लक्षणावरून माझा पहिला संशय टाकीच्या आत बसवलेल्या इंधन पंपाच्या झाकणाखालच्या रबरी सीलवर; टाकी फुल असली की पेट्रोल तिथपर्यंत पोचतं. बऱ्याच गाड्यांत हे झाकण मागच्या सीटखालीच असतं. सीट उचलून बघा; सीलभोवती धूळ चिकटलेला ओलसर, काळपट डाग दिसला की चोर सापडला. वीस वर्षांत रबर कडक होऊन चिरतं, त्यात इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. बदलेपर्यंत टाकी अर्धीच भरा.

वास बॉनेटमधून येत असेल तर मात्र गाडी सुरूच करू नका, टो करून न्या. गरम एग्झॉस्टवर गळतीचा थेंब म्हणजे आगीला आमंत्रण. आणि शोधाशोध टॉर्चने करा, लायटरने नव्हे. असेही महाभाग पाहिलेत.