फाईल गेली दुसऱ्या फर्मकडे, मग फी कुणाला किती?

प्रश्न: मी लेस्टरमधल्या एका छोट्या सॉलिसिटर फर्ममध्ये बिलिंग बघते. क्राउन कोर्टातली (गंभीर गुन्ह्यांचं कोर्ट) लीगल एडची, म्हणजे वकिलाची फी सरकार देतं तशी, एक केस आमच्याकडे होती, पण क्लायंटचं आणि आमच्या वकिलांचं फाटलं आणि जजने केस दुसऱ्या फर्मकडे जाऊ दिली. बॉस म्हणतात, समोरच्यांना फोन कर आणि फी अर्धी-अर्धी ठरवून टाक. असं करतात का? आणि क्लायंट विचारतोय की त्याला दोनदा पैसे भरावे लागणार का?

उत्तर: फोन करू नका, निदान फीसाठी तरी नको! इंग्लंड-वेल्समध्ये क्राउन कोर्टाच्या केसमध्ये सॉलिसिटरची फी दोन फर्मनी आपापसात वाटून घ्यायचीच नसते, दोघांनीही आपापला क्लेम लीगल एड एजन्सीकडे वेगवेगळा टाकायचा आणि कुणाला किती टक्के ते 2013 च्या रेम्युनरेशन रेग्युलेशन्समध्ये, म्हणजे लीगल एडच्या फीच्या नियमांमध्ये, लिहूनच ठेवलंय.

बघायचं एवढंच की केस नेमकी कुठल्या टप्प्यावर हातातून गेली. पीटीपीएच, म्हणजे प्ली अँड ट्रायल प्रिपरेशन हिअरिंग (आरोपीला गुन्हा कबूल आहे का ते विचारतात ती तारीख), तोपर्यंत किंवा अगदी त्याच दिवशी गेली तर जुन्या फर्मला 25 टक्के. पीटीपीएच झाल्यावर पण ट्रायल सुरू व्हायच्या आधी गेली तर 75 टक्के. म्हणजे एका दिवसाच्या फरकाने तिप्पट, म्हणून रिप्रेझेंटेशन ऑर्डरवरची (लीगल एडखाली केस कुठल्या फर्मकडे आहे ते सांगणारी ऑर्डर) तारीख नीट बघा, क्लायंट रागावून निघून गेला ती तारीख नाही. आणि हे टक्के क्रॅक्ड ट्रायलच्या फीचे असतात बरं का, म्हणजे ट्रायल ठरलेली असताना ती न होताच केस संपली तर जी फी मिळते तिचे, पुढे नवीन फर्मने पूर्ण ट्रायल चालवली तरी तुमचा हिशोब त्यावरच.

नवीन फर्मला या दोन्ही वेळी 100 टक्के, आणि तेही केसचा शेवट जसा झाला त्याप्रमाणे, गिल्टी प्ली, म्हणजे गुन्ह्याची कबुली असेल तर तिची फी, ट्रायल झाली तर ट्रायलची. समजा क्रॅक्ड ट्रायलची फी 1000 पौंड आणि ट्रायलची 2000 निघाली (आकडे नुसते समजण्यापुरते) आणि केस तुमच्याकडून पीटीपीएचलाच गेली, तर तुम्हाला 250 आणि त्यांना पूर्ण 2000. बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाते म्हणून घाबरू नका, तुमचे 250 त्यांच्यातून कापलेले नाहीत. ट्रायल चालू असताना बदल झाला तर मात्र उलटं, जुन्या फर्मला ट्रायलच्या फीचे 100 आणि नवीनला 50.

बॉसच्या डोक्यात अर्धं-अर्धं कुठून आलं असेल? बहुतेक बॅरिस्टर लोकांकडून, म्हणजे कोर्टात उभं राहून केस मांडणाऱ्या वकिलांकडून. त्यांच्या स्कीममध्ये फी ट्रायल ॲडव्होकेटच्या, म्हणजे ट्रायल चालवणाऱ्या वकिलाच्या नावावर येते आणि आधीच्या तारखांना दुसरं कोणी उभं राहिलं असेल तर त्यांचा वाटा तो देतो. तिथे वाटणी खरंच होते, पण सॉलिसिटरच्या फीला ते लावायचं नाही.

अजून एक, केस बघणारा सॉलिसिटर नोकरी सोडून गेला पण ऑर्डरवर नाव तुमच्याच फर्मचं राहिलं तर तो ट्रान्सफर धरत नाहीत. हा घोळ फार जण घालतात. क्लेमची मुदत म्हणाल तर केस संपल्यापासून 3 महिने, आणि आता केस तुमच्याकडे नसल्यामुळे ती संपली हे तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही, तेव्हा कोर्टाच्या लिस्टवर लक्ष ठेवा.

क्लायंटला सांगा, वकील बदलला म्हणून वेगळं बिल येत नाही. क्राउन कोर्टात उत्पन्नाप्रमाणे काँट्रिब्युशन लागू असेल तर ते भरावं लागतं, ते वेगळं. पण लीगल एडखाली जे काम होतंय त्याच कामाचे पैसे वकिलाने क्लायंटकडून वर मागायचे नाहीत, लीगल एडच्या 2012 च्या कायद्याच्या (LASPO) कलम 28 मध्येच तशी बंदी आहे. नवीन फर्मने जुनी फाईल वाचायचे पैसे मागितले तर त्याने सरळ हे कलम दाखवावं.