आईची जागा मला घेता येत नाहीये

आई गेल्यानंतर समुपदेशनाला येणाऱ्या लेकी-सुना सांगतात, “झोप लागत नाही, कशात मन लागत नाही.” थोडं बोलणं झालं की आतलं दुखणं बाहेर येतं: “मला आईसारखं जमत नाही.” जिची आई एकट्या घराची नव्हती, अख्ख्या आळीची होती, तिच्या तोंडून तर हे हमखास येतं.

अशाच एका ताईंबद्दल लिहिते आहे. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ताई पुण्यात बँकेत नोकरीला, वय चव्वेचाळीस. माहेर सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. आई कार्तिकात गेली. ताई माझ्याकडे आल्या तेव्हा जून लागला होता.

आईबद्दल विचारलं तर बराच वेळ त्या एकेक आठवून सांगत राहिल्या. घरामागे चार गुंठ्यांची परसबाग. अळू, कर्दळ, सोनचाफा, कढीपत्ता, मांडवावर दोडका आणि घेवडा. कुणाच्या घरी बाळंतीण आली की शेवग्याचा पाला आणि डिंकाचे लाडू आईकडूनच जायचे. आळीतल्या बायकांचा बचत गट तिने उभा केला, अंगठा लावणाऱ्या बायकांना सही शिकवली. संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ती स्टीलची वाटी न देता स्वतः वाढवलेलं रोप द्यायची. त्या हळदीकुंकवाला विधवा बायकांना आग्रहाने बोलवायची, त्यांना आधी कुंकू लावायची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. ही बाई त्याच्या कितीतरी आधीपासून, कुठलाही ठराव न करता, तेच करत होती. ऐकताना मलाच भरून आलं. नातवंडांनाही तिने आंब्याच्या कोयी रुजवायला शिकवलं होतं, प्रत्येकाच्या नावाचं झाड लावून घेतलं होतं.

तेराव्यालाच कुणीतरी म्हणालं, “आता तूच आईची जागा घ्यायची हो.” ताईंनी ते अक्षरशः मनावर घेतलं. दर शनिवारी पुण्याहून गाडी काढायची, बागेला पाणी, निंदणी, गटाचं दप्तर लिहायचं, बँकेच्या स्लिपा भरायच्या, आजारी बायकांची चौकशी, रविवारी रात्री परत. तरी सोनचाफ्याची पानं गळायला लागली, गटातल्या दोघी भांडल्या, आणि ताईंच्या मनाने घेतलं की आईचं सगळं आपल्या हातून मरतंय. “मला डिप्रेशन आलंय का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, “मी शोकाच्या कितव्या टप्प्यात आहे?”

टप्प्यांचं आधी सांगते, कारण हा प्रश्न फार जण विचारतात. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये जे पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मांडले, ते स्वतःचा मृत्यू समोर दिसणाऱ्या रुग्णांशी बोलून. माणूस गमावलेल्या प्रत्येकाने ते क्रमाने पार केलेच पाहिजेत असं काही नाही. आपण कुठल्या टप्प्यावर अडकलो याचा हिशोब मांडत बसू नये.

डिप्रेशनचा प्रश्न मात्र गंभीरपणे तपासावा लागतो. जीव नकोसा होतो का, मरणाचे विचार येतात का, हे मी सरळ विचारलं. असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. तसे विचार नव्हते. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ फॅमिली डॉक्टरांकडून तपासून घ्यायला सांगितलं. चाळिशीनंतरचा थकवा सगळा मनाच्या माथी मारणं बरोबर नाही. (तुमच्या मनात मरणाचे विचार घोळत असतील तर भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही.) लांबलेला शोक हे आता स्वतंत्र निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिने धरले आहेत, अमेरिकी मानसोपचार संघटनेने प्रौढांसाठी बारा. पण नुसते महिने मोजून हे निदान होत नाही. ओढ आणि दुःख आपल्या समाजाच्या रीतीपलीकडे गेलेलं असावं लागतं आणि रोजचं जगणं ठप्प व्हावं लागतं. ताईंचं जगणं ठप्प तर नव्हतंच, ते नको इतकं धावत होतं.

मी विचारलं, “आई गेल्यावर तुम्ही रडलात कधी?” त्या गप्प झाल्या. “वेळच नाही मिळाला.”

मला वाटतं, खरी गाठ इथे होती. स्ट्रोब आणि शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये शोकाची एक मांडणी केली, ती मला रोजच्या कामात फार उपयोगी पडते. दुःखात असलेला माणूस दोन टोकांत ये-जा करतो. कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतो, कधी पुढच्या कामांना लागतो. ही ये-जा चालू असणं चांगलं. ताई एकाच टोकाला सात महिने राबत होत्या. आईची कामं करताना आई आठवायला त्यांना उसंतच नव्हती.

पुढच्या भेटीत त्यांनी एक बरणी आणली. आत राखेत घोळवलेल्या बियांच्या पुड्या, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या, प्रत्येकीवर आईचं अक्षर: “दोडका, कोपऱ्यावरच्या काकूंकडचा”, “कांदा, आधी पेरणे”. बरणी कपाटात कुलूपबंद होती. पेरलं तर संपेल ही भीती. कांद्याचं बी वर्षभरात उगवण्याची ताकद गमावतं, हे त्यांनाही माहीत होतं. मी घाई केली नाही, फक्त विचारलं, “यातलं तुम्हाला काय ठेवायचंय?” पुडी उलटी करून त्या अक्षराकडे पाहत राहिल्या आणि तेव्हा रडल्या. खूप वेळ. मग म्हणाल्या, “कागद.”

बी त्याच आठवड्यात पेरलं. कागद वहीत चिकटवले.

एका भेटीला मी वडिलांनाही बोलावलं. ताईंची समजूत होती की ते खचलेत, ओसरीवर नुसते बसून असतात. वडील म्हणाले, “तू शनिवारी येतेस ती झाडांकडे. पाण्याची झारी मी हातात घेतली की काढून घेतेस. मी करू तरी काय?” आपल्याकडे हे फार घडतं. म्हाताऱ्या माणसाला त्रास नको म्हणून त्याच्या हातचं काम काढून घेतात, आणि त्याच्या दुःखाला जायला वाटच उरत नाही.

गटाचा प्रश्न मला वाटला होता त्याहून सोपा निघाला. ताईंनी भीत भीत सांगितलं, “मला हे पेलत नाही.” सचिव असलेल्या बाई लगेच म्हणाल्या, “तुमच्या आईनंच आम्हाला स्लिप भरायला शिकवली की. तुम्ही भरायला लागलात, आम्ही म्हटलं तुम्हाला बरं वाटत असेल.” अध्यक्ष बदलायची सोय गटात आधीपासून होती. पुढच्या बैठकीत दप्तर सुपूर्द झालं.

आता बाग वडिलांकडे आहे. ताई पंधरा दिवसांनी जातात, एक दिवस राहतात, वडिलांबरोबर जेवतात. आईच्या कामांपैकी त्यांनी स्वतःसाठी एकच ठेवलंय, जानेवारीतलं रोपांचं हळदीकुंकू. ते त्यांना मनापासून आवडतं, एवढंच कारण. परवा फोनवर तक्रार करत होत्या की वडिलांनी दोडक्याचा मांडव भलत्याच बाजूला घातलाय, तिथे ऊन येत नाही, आणि त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. झोप पूर्ण सुधारलेली नाही. वर्षश्राद्धाच्या सुमाराला पुन्हा जड जाईल हे त्यांना सांगून ठेवलंय, आणि त्याच आठवड्यातली भेट आताच ठरवली आहे.