जेनेटिक्सचं पहिलं पुस्तक कुठलं घेऊ?

प्रश्न: मी नाशिकला एसवायबीएस्सीला आहे, जेनेटिक्स पहिल्यांदाच आलंय. क्लासच्या नोट्स वाचते पण लिंकेज, म्हणजे एकाच गुणसूत्रावरची जवळची जनुकं एकत्रच पुढे जाणं, डोक्यातच शिरत नाही. पुस्तक कुठलं घेऊ?

उत्तर: अगं, नोट्स परीक्षेपुरत्या ठीक, पण हा विषय गणितं सोडवल्याशिवाय कळतच नाही, म्हणून पुस्तक बघताना आधी मेंडेलचं प्रकरण उघड. नुसतं दुसऱ्या पिढीतल्या वाटाण्यांचं ३:१ प्रमाण छापलंय का त्याचे खरे आकडे दिलेत, ५४७४ गोल वाटाणे आणि १८५० सुरकुतलेले, भागून बघ, २.९६ येतं, आणि मग तो ३ पाठ करावा लागत नाही, दिसतो. नंतर थेट लिंकेजवर जा. थ्री-पॉइंट क्रॉसचं, म्हणजे तीन जनुकांचा क्रम आणि अंतर काढायच्या संकराचं, एक तरी उदाहरण पायरी-पायरीनं सोडवलेलं हवं, कारण सगळ्यात जास्त संख्येची पिल्लं म्हणजे पॅरेंटल (जनुकांच्या मूळ जोड्या तशाच राहिलेली), सगळ्यात कमी म्हणजे डबल क्रॉसओव्हर (गुणसूत्रांत दोन ठिकाणी अदलाबदल झालेली), एवढं हाताला बसलं की निम्मं काम झालं. मागे उत्तरं नसतील तर ते पुस्तक एकटीनं अभ्यासाला नकोच.

मला स्वतःला पियर्सचं ‘जेनेटिक्स: अ कन्सेप्च्युअल अ‍ॅप्रोच’ आवडतं, सोडवलेली उदाहरणं प्रकरणातच आहेत. महाग आहे, तेव्हा कॉलेज रोडला नवं घेण्याआधी लायब्ररीतली जुनी आवृत्ती आण. मेंडेल, लिंकेज काही बदललेलं नाही, फक्त क्रिस्परसाठी (जनुकं कापून बदलायचं तंत्र) २०१२ नंतरची लागेल.