पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू आहेत. पहिला परत न टाकता दुसरा काढला तर तो लाल असण्याची शक्यता ५/८ च कशी? उरतात तर ७ च ना? आणि ५/८ च असेल तर दोन्ही ड्रॉ इंडिपेंडंट (म्हणजे एकाचा निकाल कळला तरी दुसऱ्याची शक्यता बदलत नाही असे) का नाहीत?

५/८ च. उरतात ७ हे तुमचं बरोबर आहे, पण त्या ७ मध्ये लाल किती उरले हे तुम्हाला कुठे माहितीये? लाल गेला असेल तर ४/७, निळा गेला असेल तर ५/७, आणि कुठला गेला ते बघितलंच नसेल तर दोन्ही शक्यता धरून बेरीज करायची, ५/८ गुणिले ४/७ अधिक ३/८ गुणिले ५/७, म्हणजे ३५/५६, म्हणजे परत ५/८.

खरं तर इथेच थांबायला हवं, पण याच मुद्द्यावरून मी एका माणसाशी इतकं भांडलोय की आता राहवत नाही.

आमच्या कामाच्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी ड्यूटी कुणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. १० जण, १० चिठ्ठ्या, ३ वर फुली, बाकी कोऱ्या. एक सिनियर होते, त्यांचा हट्ट असा की पहिली चिठ्ठी मीच उचलणार. का, तर म्हणे कोऱ्या चिठ्ठ्या संपत जातात, शेवटच्याच्या वाट्याला उरलंसुरलं. अहो पण फुल्याही संपतातच की! तर ते काही केल्या पटेना. मी त्यांना मांडून दाखवलं, दुसऱ्याला फुली यायची शक्यता ३/१० गुणिले २/९ अधिक ७/१० गुणिले ३/९, २७/९०, परत ३/१०, आणि हेच दहाव्यापर्यंत चालू राहतं. ‘हे कागदावर ठीक आहे’ म्हणाले. मग मी सगळ्या चिठ्ठ्या हलवून टेबलावर एका ओळीत पालथ्या मांडल्या आणि म्हटलं, सर, फुल्या कुठे पडायच्या तिथे पडून झाल्यात, आता तुम्ही डावीकडून पहिली उचला नाहीतर उजवीकडची शेवटची, तुम्ही आधी हात घातला म्हणून फुली काय सरकणार आहे का?

तर म्हणाले, ‘पण मी उघडली की बाकीच्यांचं बदलतंच ना.’ बदलतं की! त्यांची कोरी निघाली तर उरलेल्या प्रत्येकाचं ३/९ होतं, फुली निघाली तर २/९. यालाच कंडिशनल प्रोबॅबिलिटी म्हणतात, पण हा बदल त्यांनी चिठ्ठी उघडून दाखवली म्हणून झाला, आधी उचलली म्हणून नाही. खरं सांगायचं तर ‘शेवटच्यावर अन्याय होतो’ म्हणणाऱ्या लोकांना गणित जमत नाही असं नसतं, त्यांना पहिला नंबर सोडायचा नसतो.

खरी मजा पुढे आली. एकदा त्यांनी नेहमीसारखी पहिली चिठ्ठी उचलली आणि तेवढ्यात त्यांना फोन आला. फोन कानाला, चिठ्ठी दुसऱ्या मुठीत बंद. इकडे पुढच्या दोघांनी उघडल्या, दोन्हीवर फुली. मी म्हटलं, सर, अभिनंदन, तुमची शक्यता ३/१० वरून १/८ वर आली. फोन बाजूला ठेवून माझ्यावर उखडले, ‘माझी चिठ्ठी आधीच मुठीत आहे, नंतर कुणी काय उघडलं त्याने हिच्यात काय फरक पडणार?’ चिठ्ठीत काहीच फरक पडत नाही हो, आपल्याला काय माहीत आहे त्यात पडतो. न उघडलेल्या ८, त्यात फुली १, झालं. तुमच्या चेंडूंचंही तसंच, पहिला न बघता बाजूला ठेवला आणि दुसरा लाल निघाला तर पहिला लाल असण्याची शक्यता ४/७. म्हणजे अगदी तीच, जी पहिला लाल दिसल्यावर दुसऱ्याची असते. कोण आधी, कोण नंतर याच्याशी काही घेणंदेणं नाही.

आणि हाच माणूस दरवेळी नव्या चिठ्ठ्या बनवून, नव्याने हलवून ड्रॉ व्हायचा तेव्हा म्हणायचा, ‘मागच्या दोन्ही वेळा मला आली, आता काही येत नाही.’ म्हणजे जिथे आधीच्या ड्रॉचा खरोखर काडीचा संबंध नाही तिथे यांना संबंध दिसतो. १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर, म्हणजे लाल-काळ्या खणांच्या फिरत्या चाकावर, लागोपाठ २६ वेळा काळा आला आणि आता लाल येणारच म्हणत लोक पैसे लावत गेले, बुडाले. चाकाला मागचं काही आठवत नसतं.

हां, तुमचा इंडिपेंडंटवाला प्रश्न राहिलाच. दोन्ही लाल असण्याची शक्यता ५/८ गुणिले ४/७, म्हणजे ५/१४, साधारण ०.३६. इंडिपेंडंट असते तर ५/८ चा वर्ग आला असता, २५/६४, साधारण ०.३९. जुळत नाही, म्हणजे इंडिपेंडंट नाहीत. एकेकट्या शक्यता सारख्या असणं ही वेगळी गोष्ट आहे. वाटल्यास पोल्या नावाच्या गणितज्ञाची पिशवी करून बघा, काढलेला चेंडू परत टाकायचा आणि त्याच रंगाचा आणखी एक वरून टाकायचा. तिथेही दुसरा लाल असण्याची शक्यता ५/८ च येते, आकडेमोड तुम्हीच करा.

एक मात्र आहे, वरचं सगळं चिठ्ठ्या नीट मिसळल्या असतील तरच. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली, ३६६ कॅप्सूल, महिन्यामहिन्याने पेटीत भरलेल्या आणि पुरेशा न मिसळलेल्या, तर वर्षाअखेरच्या महिन्यांतल्या तारखा जास्त करून लवकर बाहेर आल्या. पुढच्या सोडतीला पद्धतच बदलावी लागली. तेव्हा कुठे चिठ्ठ्या टाकायची वेळ आली तर सगळ्यांना आधी उचलू द्या आणि मग एकदमच उघडायला लावा. कुणी ‘मी पहिला’ म्हणून अडून बसलाच तर खुशाल उचलू दे त्याला, फक्त चिठ्ठ्यांच्या घड्या त्याने स्वतः घातलेल्या नाहीत ना तेवढं बघा. आमच्याकडे त्या कोण घालायचं हे मी आता सांगत बसत नाही.